सविनय सादर

निखारेंची फाइल आज तिसऱ्यांदा परत आली.
वर पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर हिरवी शाई:
सही सेवापुस्तकातील सहीशी जुळत नाही.

खरंच जुळत नाही.
सेवापुस्तकात हेमराज शिवराम निखारे, तारतंत्री,
यांची चौऱ्याण्णव सालची सही आहे, तिरपी, घाईची,
'रे'ची मात्रा पार चौकटीबाहेर गेलेली.
अर्जावरची डाव्या हाताने केलीय.
अक्षरं बालवाडीतल्या पोरांसारखी
एकमेकांना धरून उभी.

पाच मे. मूल्यांकन केंद्र, दुसरा मजला.
चाळीस प्राध्यापक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे,
आणि खिडकीतला लोखंडी कूलर
नुसताच गुरगुरून बंद पडलेला.
निखारेंना फोन गेला. कोणी केला ते फाइलमध्ये नाही.
ते डबा उघडून बसले होते, हे आहे.
'घटना भोजनाच्या सुट्टीत, दुपारी १.४० वाजता',
खाली दोनदा रेघ मारलेली.
डबा झाकून ते सज्ज्यावर उतरले,
मागची जाळी काढली,
अडकलेलं पातं सोडवायला हात आत घातला
आणि आत कुणाला तरी फार उकडलं.

बटण.

बटण कुणी दाबलं
याचा रकाना फॉर्मात नाही.
रकाना सात आहे: कर्मचाऱ्याने योग्य ती दक्षता घेतली होती काय?
चौकशी समितीनं लिहिलं, नाही.
समिती बसली त्या खोलीत एसी आहे.
चहा मीच सांगितला होता.

विशेष विकलांगता रजा मंजूर होईपर्यंत
माणूस घरी पडून राहतो ते कशाच्या जोरावर?
स्वतःच्या अर्जित रजेच्या. नियम मला पाठ आहे,
कापते मीच.
शिल्लक होती दोनशे एकसष्ट दिवस.
भाच्याच्या लग्नाला गेले नाहीत,
मारबतीच्या दिवशी सगळं इतवारी रस्त्यावर
आणि हे वसतिगृहाचा फ्यूज बांधत बसलेले,
असे एकेक करून साठलेले दिवस.
निवृत्तीला त्यांचे पैसे होतात.
गोळीबार चौकातल्या घरावर स्लॅब पडायचा होता.
आता शिल्लक एकशे बारा.
मी रोज नाही कापत,
महिन्याअखेरी एकदम,
लाल शाईनं.

सोमवारी ते स्वतः आले.
खुर्ची दिली, बसले नाहीत.
"म्याडम, बोटं गेली ते गेली.
पण माह्या सुट्ट्या काऊन कापून राहिले?
मी सुट्टीवर होतो का तवा?"

मी म्हणाले, बसा ना.

माझ्या टेबलावरची ट्यूब फडफडत होती.
त्यांनी सवयीनं वर पाहिलं,
उजवा हात खिशातून अर्धा बाहेर आला,
तीन बोटांचा,
आणि परत आत गेला.
"स्टार्टर गेला," म्हणाले.
"सांगा कोणालेतरी."

आज सकाळी मी टिप्पणी लिहिली.
सविनय सादर.
अर्जदाराची सही जुळत नाही, हे खरे आहे.
ज्या हाताची सही कार्यालयाकडे आहे
तो हात कार्यालयाच्याच कूलरमध्ये होता.
सोबत त्या दिवशीचे हजेरीपत्रक जोडले आहे.
सकाळच्या सत्रात चाळीस सह्या.
दुपारच्या सत्रात एकोणचाळीस.
कृपया अवलोकन व्हावे.

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं.
बत्तीस वर्षांच्या नोकरीत
एवढं मी कुणाविरुद्ध लिहिलं नव्हतं,
आणि नाव तर यातही नाही कुणाचं.

शिपाई फाइल घेऊन वर गेला.
ट्यूब अजून फडफडतेय.
तक्रारवही समोर उघडी आहे, मी नोंद केलेली नाही.
केली तर कुणीतरी लगेच स्टूल घेऊन येईल,
आणि घड्याळात
दीड वाजायला आलाय.